आठ दिवसांच्या सहा रात्री

शाळेचं वेळापत्रक गेली अकरा वर्षं मीच लावते. बावीस तुकड्या, चौतीस शिक्षक, दोन प्रयोगशाळा आणि एक मैदान. गणिताच्या सरांना शेवटचा तास नको, चित्रकलेच्या बाईंना सलग दोन हवेत आणि शनिवारचा पहिला तास कुणालाच नको. हे सगळं पुठ्ठ्यावर पेन्सिलीने बसवायचं, खोडायचं, परत बसवायचं. जूनमध्ये तो पुठ्ठा स्टाफरूममध्ये लागतो आणि पुढचे दोन दिवस मी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. त्यामुळे २०२५च्या सुरुवातीला घरात पहिल्यांदाच परदेशी जायची गोष्ट निघाली आणि "प्लॅन कोण करणार?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा उत्तर कुणी दिलंच नाही. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मीही मनातून खूश झाले. बावीस तुकड्यांची मोट बांधणाऱ्या बाईला चार माणसांचे आठ दिवस काय जड!

चार माणसं म्हणजे मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. आईंना एकाहत्तरावं चालू होतं. गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी आहे, पण मुलुंडच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत येतात आणि रिक्षाला दिलेले पैसे त्यांना आठवडाभर बोचतात.

नवऱ्याला जपान हवं होतं. हिशेब मांडल्यावर ते आपोआप मावळलं. व्हिएतनामवर एकमत झालं, कारण मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, ई-व्हिसा घरी बसून काढता येतो, माणशी २५ डॉलर, आणि तिथला खर्च आपल्याला पेलतो. आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी एका टूर कंपनीचं पत्रक आणून दिलं. सकाळी कांदेपोहे, रात्री वरणभात, बॅग उचलायलाही माणूस. मोह होत होता, खोटं कशाला बोलू? पण पत्रकात आठ दिवसांत व्हिएतनाम आणि कंबोडिया दोन्ही कोंबले होते, जवळजवळ रोज पहाटे पाचचा वेक-अप कॉल होता, आणि पॅकेजच्या रकमेवर तेव्हा वर ५ टक्के टीसीएस होता, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा कर. तो पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आधी खिशातून जातोच. आईंनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "पाच वाजताच उठायचं तर मी माझ्या घरी उठते की." पत्रक रद्दीत गेलं.

पासपोर्टचं थोडक्यात सांगते, कारण ते आठवलं तरी दमायला होतं. आम्हा तिघांचे निघाले. आईंचा अडकला तो जन्मतारखेवर. शाळेच्या दाखल्यावर १ जून, कारण त्यांच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाला १ जूनलाच जन्माला घातलं होतं. आधारवर १ जानेवारी, कारण तिथे कुणीतरी नुसतं साल लिहून घेतलेलं. खरा जन्म नागपंचमीचा. तीन वाढदिवसांची बाई एका पासपोर्टात बसवायला दोन महिने गेले. पोलीस चौकशीला आलेल्या हवालदारांनी "आजी, कुठे निघालात?" विचारलं, तर आई म्हणाल्या, "हिलाच विचारा, तक्ता हिच्याकडे आहे."

तर तो तक्ता.

तारखा आमच्या हातात नव्हत्याच. मला दिवाळीची सुट्टी, मुलालाही तीच. आईंच्या दोन अटी होत्या. भाऊबीज झाल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही आणि कार्तिकी एकादशीच्या आत घरी यायचं. भाऊबीज २३ ऑक्टोबरला. म्हणून २४ ला निघायचं, ३१ ला परत. बोटं मोडून आठ दिवस मोजले आणि जुलैच्या पहिल्या रविवारी पुठ्ठा पसरला.

तो पहिला पुठ्ठा मी अजून ठेवलाय, हसायला. हनोई, सापा, हा लाँग बे, ह्युए, दा नांग, होई आन, मी सन, हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. नऊ ठिकाणं, प्रत्येकाला वेगळा रंग, तासातासाचे चौकोन. नकाशात तो देश कसा, एखाद्या लांबट शेंगेसारखा दिसतो. वाटतं, या टोकाचं त्या टोकाला काय लागणार? हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने १,७२६ किलोमीटर आहे. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली १,३८४. म्हणजे मी आठ दिवसांत दिल्लीच्याही पलीकडे जाऊन, वाटेत सात ठिकाणी उतरून, एका डोंगरावर चढून यायचं ठरवलं होतं, सत्तरीच्या बाईंना घेऊन.

नवऱ्याने पुठ्ठा बराच वेळ पाहिला. त्याला रंग आवडले. मग म्हणाला, "झोपायचं कधी?"

माझा मूळ घोळ असा होता की शाळेत सातवी अ मधून नववी ब मध्ये जायला शिक्षकाला दोन मिनिटं लागतात, आणि मी ती धरतच नाही. तास संपला, पुढचा सुरू. इथेही तसंच केलं होतं. हनोई ते दा नांग विमानाने एक तास वीस मिनिटं, म्हणून तक्त्यात एक तास वीस मिनिटांचा चौकोन. त्याआधी बॅगा भरायच्या, हॉटेल सोडायचं, टॅक्सी, दोन तास आधी विमानतळ, उतरल्यावर सामानाची वाट बघायची, परत टॅक्सी, आणि नव्या हॉटेलची खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही. तो चौकोन खरा अर्ध्या दिवसाचा होता. पुठ्ठ्यावर असे सहा होते. म्हणजे आठातले तीन दिवस आम्ही बॅगांवर बसून काढणार होतो.

मग मी दिवस मोजणं सोडून रात्री मोजल्या. बिछान्यावरच्या रात्री. तिथे दुसरा फटका बसला. आमचं विमान होतं २५ तारखेला, रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी. म्हणजे २४ च्या संध्याकाळी घर सोडायचं, आणि तो दिवस मी तक्त्यात 'दिवस पहिला' म्हणून धरला होता. त्या दिवशी आम्ही व्हिएतनाममधलं काय बघणार होतो, तर मुंबई विमानतळाचं टर्मिनल दोन. नवऱ्याच्या डोक्यात तर वेगळंच. तिकिटावर २५ म्हणजे २५ च्या रात्री निघायचं, असं तो ऑफिसात सगळ्यांना सांगून आला होता. आईंना मी घड्याळाचं समजावायला गेले तर म्हणाल्या, "इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते हे माहीत आहे मला. आपली तिथी सूर्योदयाला बदलते, तेच बरं असतं. माणूस झोपलेला असताना दिवस कशाला बदलायचा?" मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर तक्त्यावर पहिल्या ओळीत लाल पेनाने लिहिलं: शुक्रवार, संध्याकाळी ७:३०, घरातून निघणे.

३१ ला संध्याकाळी परतीचं विमान. म्हणजे आठ दिवस म्हणता म्हणता हातात राहिल्या रात्री सहा. नऊ ठिकाणं आणि सहा रात्री. हे गणित सरांना दिलं असतं तर त्यांनीही हात टेकले असते.

कापायला सुरुवात केली. हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँग पहिल्या फटक्यात गेले. लांब, आणि ऑक्टोबरअखेर दक्षिणेतही पाऊस पुरता सरलेला नसतो. सापा जाताना मुलगा दोन दिवस बोलला नाही. त्याला तिथल्या फान्सिपान शिखरावर, ३,१४७ मीटरवर, केबल कारने जायचं होतं. पण हनोईहून सापा रस्त्याने पाच-सहा तास, तेवढेच परत. त्याला मी प्रॉक्सी तास देऊ केला: निन्ह बिन्हजवळची मुआ गुहा, तिच्या बाजूच्या डोंगरावर साधारण पाचशे पायऱ्या. "तू आणि बाबा चढा. मी आणि आजी खाली बसतो." तो म्हणाला, "पाचशे पायऱ्या म्हणजे केबल कार नव्हे." बरोबर होतं त्याचं.

उरलं ते मला छान वाटत होतं. तीन रात्री उत्तरेत, तीन रात्री मधल्या भागात: दा नांगला उतरायचं, होई आनच्या जुन्या गावात राहायचं, कंदील, नदी, पिवळ्या भिंती. होई आनमध्ये एक होमस्टेही हेरून ठेवला. तक्ता शाळेत नेला, मिरवायला. मधल्या सुट्टीत भूगोलाच्या बाईंनी डबा उघडता उघडता एक नजर टाकली.

"होई आन? ऑक्टोबरच्या शेवटी? अगं, तो त्यांचा जुलै."

मी म्हटलं, पावसाळा संपलेला असतो तेव्हा. त्यांनी डबा बाजूला सारला, कपाटातून नकाशांचं पुस्तक काढलं आणि मला सातवीतल्या मुलीसारखं उभं केलं. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, पुढे कोकणपट्टी, मागे सह्याद्री. नैऋत्येचे वारे येतात, सह्याद्रीला अडतात, कोकण भिजतं, पलीकडे माणदेश कोरडा. तिथे उलटं. समुद्र पूर्वेला, आणि लाओसच्या सीमेवर त्रुआंग सन नावाची डोंगररांग. आपल्या पावसाळ्यात नैऋत्येचे वारे पलीकडून, लाओसच्या बाजूने येतात, तिकडेच बरसतात आणि मधला किनारा तापत राहतो. सप्टेंबरपासून वारे फिरतात, ईशान्येकडून समुद्रावरून येतात आणि मग तो किनारा डिसेंबरपर्यंत झोडपून निघतो. "म्हणजे कोकणच आहे ते," बाई म्हणाल्या, "फक्त समुद्र पूर्वेला आणि आषाढ कार्तिकात." मग डबा परत ओढला. भेंडी गार झाली होती, त्याचा दोष मला.

मुंबईच्या माणसाला पावसाची भीती घालणं सोपं नसतं. मनात म्हटलं, पाऊस काय, छत्र्या घेऊ. खात्री म्हणून होमस्टेच्या मालकीणबाईंना निरोप टाकला की ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस असतो का. त्यांचं उत्तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण मराठीत आणलं तर असं: "कधी कधी नदी घरात येते. मग आम्ही सामान वर नेतो. तुम्हाला चालेल?"

तो 'चालेल?' वाचून मी आधी हसले आणि मग होई आनच्या जुन्या घरांविषयी शोधत बसले. तिथल्या व्यापाऱ्यांच्या घरांत माडीच्या जमिनीला चौकोनी झडप असते. पुराचं पाणी चढायला लागलं की खालचा माल दोरीने त्यातून वर ओढून घ्यायचा. टॅन की नावाच्या जुन्या घरात तर भिंतीवर कोणत्या वर्षी पाणी कुठवर आलं याच्या खुणा करून ठेवल्यात. आमच्या कुर्ल्याच्या मावशीकडे २६ जुलै २००५ ची अशी रेघ होती. नंतर रंग काढताना मावशीने ती मुद्दाम सोडायला लावली. घरालाच झडप करून ठेवणारी माणसं 'कधी कधी' म्हणतात तेव्हा ते गमतीने म्हणत नसतात. पेन्सिल घेतली आणि मधला भाग पूर्ण खोडला.

खोडला खरा, पण एक मोठी पंचाईत होती, आणि ती मीच करून ठेवली होती. आईंनी परदेशी यायला हो म्हणावं म्हणून मी त्यांना महिनाभर मी सन दाखवत होते. होई आनपासून जवळच, डोंगरांच्या कुशीत शिवाची विटांची देवळं. चौथ्या शतकात चंपा नावाच्या तिथल्या जुन्या राज्याच्या भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं, पुढे तेराव्या शतकापर्यंत एकामागून एक देवळं होत गेली. अमेरिकेच्या बाँबवर्षावात त्यातली बरीच पडली. १९९९ पासून जागतिक वारसा. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे दुरुस्तीचं काम करत होती, आणि २०२० मध्ये त्यांना एका देवळाच्या आत अखंड दगडातलं शिवलिंग मिळालं. तो फोटो आईंच्या फोनवर होता. भिशीच्या बायकांना दाखवून झाला होता. इतक्या लांब समुद्रापलीकडे महादेव, आणि आपल्या माणसांनी मातीतून काढलेला! त्या व्हिएतनामला नव्हत्याच चाललेल्या. त्या तिथे चालल्या होत्या.

सांगायला मला तीन दिवस लागले. त्या गवार मोडत बसल्या होत्या. मी पाऊस, डोंगर, वारे, झडप, सगळं सांगितलं. त्या मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती वर्षं आहे म्हणालीस तो तिथे?"

"सोळाशे तरी."

"मग राहील अजून. पावसात विटांवरून घसरले तर उचलावं तुम्हालाच लागेल." आणि गवारीचं ताट घेऊन आत गेल्या. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

आता सहाही रात्री उत्तरेत होत्या आणि तक्ता अचानक सुटसुटीत दिसायला लागला. हनोई, हा लाँग बे, निन्ह बिन्ह. हा लाँगला बोटीवर रात्रभर राहायची सहल सगळे घेतात. पण १९ जुलैला तिथे अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटली, तीसहून जास्त माणसं गेली. आईंनी ती बातमी कापून फ्रिजवर लावली. बोलल्या काही नाहीत. आम्ही दिवसाची बोट ठरवली. वादळाची शक्यता असली की तिथे बोटी सोडतच नाहीत, हेही तेव्हाच कळलं. म्हणून हा लाँग शेवटच्या दिवशी ठेवायचं नाही, मागे एक सैल दिवस हवा. आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन कधीच शेवटच्या शनिवारी ठेवत नाहीत, तेच तत्त्व.

हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद, बाकीचे दिवस फक्त सकाळी. म्हणजे या बाई आठवड्यातून दोन दिवस रजेवर आणि उरलेल्या दिवशी पहिल्या सत्रातच येतात. असे शिक्षक मला सवयीचे आहेत. त्यांना आधी बसवायचं, बाकीचे त्यांच्याभोवती. रविवारी सकाळी समाधी. सोमवारी हा लाँग, कारण समाधी तशीही बंद. बोटी नाहीच सुटल्या तर मंगळवारी, आणि मग निन्ह बिन्हला रात्री पोचलो तरी बिघडत नाही. शनिवारी, रविवारी हनोईच्या होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात, तेव्हा त्या दोन संध्याकाळी आपोआप भरल्या. हनोईत तीन रात्री, निन्ह बिन्हला दोन, परत हनोईत त्याच हॉटेलात एक. मोठ्या बॅगा तिथेच ठेवायच्या आणि निन्ह बिन्हला दोन पाठपिशव्या न्यायच्या, ही सूचना नवऱ्याची. एकुलती एक, पण लाखमोलाची. पहाटे सातला उतरून दुपारी दोनपर्यंत आईंना कुठे बसवणार, म्हणून २४ च्या रात्रीचंही हॉटेल घेतलं. न झोपलेल्या रात्रीचे पैसे भरताना हात आखडला, पण उतरल्यावर आई सरळ खोलीत जाऊन आडव्या झाल्या तेव्हा ते वसूल झाले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. संध्याकाळी विमान. त्या दिवसाचा चौकोन मी मोकळा सोडला आणि त्यात लिहिलं 'ऑफ तास'. मुलगा म्हणाला, "म्हणजे काय करायचं?" मी म्हटलं, शिक्षक ऑफ तासाला काय करतात? तो म्हणाला, "गप्पा मारतात."

व्हिसाचं काम मी ऑगस्टच्या सुट्टीत उरकलं. शोधायला गेलं की वरवरच्या सगळ्या साइट सरकारी वाटतात आणि निघतात एजंटांच्या, दुप्पट पैसे घेणाऱ्या. खरी सापडल्यावर मात्र अर्ज सोपा होता, आणि तिथेच मी शेण खाल्लं. आपल्या पासपोर्टात बाईचं नाव आणि नवऱ्याचं नाव मिळून दिलेलं नाव, आडनाव वेगळं. आईंच्या अर्जात मी सासऱ्यांचं नाव गाळलं. पैसे भरल्यावर लक्षात आलं. शुल्क परत मिळत नाही, दुरुस्ती करत बसण्यापेक्षा नवा अर्ज परवडला. २५ डॉलर पाण्यात. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. आई म्हणाल्या, "त्यांना कुठे वगळून चालायचं नाही, ते आधीपासूनच तसे आहेत."

बाकी तयारीत सांगण्यासारखं म्हणजे पैसे आणि फराळ. तेव्हा एका रुपयाला साधारण ३०० डाँग मिळायचे. दुकानात भागाकार सुचत नाही, म्हणून मी नियम करून दिला: शेवटची तीन शून्यं पुसा आणि साडेतीनने गुणा. एक लाख डाँग म्हणजे साडेतीनशे रुपये. खरे थोडे कमीच, पण आपण जरा जास्त धरलेलं बरं. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाचीही निळी, हे मी तक्त्याच्या मागे ठळक लिहिलं होतं. नवऱ्याने तक्त्याची मागची बाजू वाचली नाही. दुसऱ्याच दिवशी शहाळ्याच्या पैशांत पाच लाखाची नोट गेली. विकणारी बाई अर्धी गल्ली आमच्या मागे धावत आली आणि नोट त्याच्या छातीवर आपटून गेली.

फराळ भाऊबीजेनंतरचा, म्हणजे घरात डबे भरलेलेच. आई शाकाहारी, आणि तिथे बऱ्याच पदार्थांत माशांपासून केलेला रस असतो, जो दिसत नाही. चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू आणि मेतकूट मिळून चार किलो भरलं. पण एक शब्द मी पाठ करून गेले होते. तिथे शुद्ध शाकाहाराला म्हणतात 'चाय'. बौद्ध लोक ठरावीक तिथींना तेच खातात, त्यामुळे चायची वेगळी छोटी दुकानं असतात. पहिल्या दुपारी आईंनी तिथे बसून मोठ्याने "चाय" म्हटलं आणि समोर नूडल्स, टोफू आणि पालेभाजीचा वाफाळता वाडगा आला. आई त्याकडे बघत राहिल्या. "अगं, मी चहा मागितला होता." चहा नंतर मिळाला, बिनदुधाचा. वाडगा मात्र संपला होता.

सहलीचं वर्णन मी करत बसत नाही, ते फोटोंत आहे. तक्ता बऱ्यापैकी चालला. हनोईच्या जुन्या भागात गल्ल्यांची नावं तिथे काय विकलं जायचं त्यावरून आहेत, चांदीची गल्ली, कागदाची गल्ली. आईंनी तिथे झवेरी बाजार आणि तांबाकाटा शोधून काढले आणि माझ्या तक्त्यातले दोन चौकोन गिळले. सोमवारी बोट सुटली. आई डोळे मिटून चढल्या आणि समुद्रातून वर आलेला पहिला सुळका दिसताच उघडले ते मिटलेच नाहीत.

बुधवारी निन्ह बिन्हला मुलगा आणि नवरा पायऱ्या चढून घामाघूम परतले, तेव्हा हॉटेलच्या टीव्हीवर भाषा न कळणारी बातमी चालली होती. भाषा कळायची गरज नव्हती. पिवळ्या भिंती, वरून लोंबणारे कंदील आणि त्यांच्या खालून चाललेली होडी, गल्लीतून. ह्युएजवळच्या बाख मा डोंगरावर एका दिवसात १,७०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. २६ जुलैला आपल्या सांताक्रूझला ९४४ झाला होता आणि मुंबई बसली होती. खोडण्याआधीच्या तक्त्याप्रमाणे त्या रात्री आम्ही होई आनमध्ये असतो. मी भूगोलाच्या बाईंना टीव्हीचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "भेंडी आठवतेय ना?"

होमस्टेच्या बाईंनाही विचारलं, सगळे ठीक आहात का. रात्री उशिरा फोटो आला. जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाणी, वर माडीवर रचलेल्या खुर्च्या, फ्रिज, एक स्कूटर, आणि खुर्च्यांच्या मध्ये बसून भात खाणारं कुटुंब. खाली लिहिलं होतं, "सामान वर. आम्ही वर. तुम्ही मार्चमध्ये या."

शुक्रवारचा ऑफ तास उजाडला. मुलगा आणि नवरा कॉफी प्यायला गेले, अंड्याचा फेस घातलेली, जी मला बघवतही नाही. मी आईंना राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात नेलं. सांगितलं नव्हतं का ते. तिथे चंपाच्या दगडी शिल्पांचं दालन आहे. आई रांगेने बघत निघाल्या, आणि शिवाच्या मूर्तीपाशी थांबल्या. कपाळ, जटा, एवढ्या वर्षांत झिजलेलं नाक. पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. रखवालदार बघत होता, काही बोलला नाही. हात लावायचा नाही हे मी हळूच सांगितलं. त्यांनी हात जोडले, पर्स उघडली, आत चाचपलं, आणि काही न काढता बंद केली.

बाहेर आल्यावर पायरीवर बसून चपला घालताना म्हणाल्या, "ती बाई मार्च म्हणाली ना? मार्चमध्ये कोरडं असतं का गं तिकडे?"

"कोरडं असतं. पण मार्चमध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा असते, आई. माझी सुपरव्हिजन."

"आणि मे मध्ये?"

मी म्हटलं, भूगोलाच्या बाईंना विचारते.